भोगवटा प्रमाणपत्र : नव्या घरात राहायला जाण्याआधी सांगलीकर विचारतात ते प्रश्न

मी सांगली-मिरज भागात परवानाधारक अभियंता म्हणून काम करतो. वास्तुशांतीची पत्रिका छापून झाली, पाहुण्यांना फोन गेले, की मग लोक विचारायला येतात, "भोगवटा घ्यावाच लागतो का हो?" हा प्रश्न पायाचे खड्डे खणतानाच पडायला हवा. नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत.

बांधकाम परवाना आहे की आमच्याकडे. मग हा आणखी एक कागद कशाला?

तुम्ही काय बांधणार याला महापालिकेने दिलेली संमती म्हणजे परवाना. तुम्ही जे बांधलंत ते त्या संमतीप्रमाणेच झालं आहे आणि तिथे माणसांनी राहायला हरकत नाही, असं महापालिका पाहणी करून लिहून देते, ते भोगवटा प्रमाणपत्र. परवाना हातात असूनही वेगळीच इमारत उभी राहू शकते, आणि राहतेही. म्हणून दुसरा कागद लागतो.

पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बोलण्यात आपण दोन्हींना 'कम्प्लिशन' म्हणतो. पूर्णत्वाचा दाखला म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्या वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने महापालिकेला कळवायचं, की काम मंजूर नकाशाप्रमाणे पुरं झालं. तो अर्जाचाच भाग आहे. भोगवटा हे त्यावर महापालिकेने दिलेलं उत्तर.

काही बिल्डर पहिला कागद दाखवून सांगतात, "हे बघा, कम्प्लिशन झालंय." अशा वेळी खाली सही कुणाची आहे ते पाहा. सही खाजगी वास्तुविशारदाची असेल, तर तुमच्या हातात उत्तर आलेलं नाही, फक्त अर्ज आला आहे. महापालिकेचा जावक क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याची सही या तिन्ही गोष्टी असलेला कागद मागा.

हे बंधन कुठल्या नियमाने आहे?

मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. महानगरपालिकांसाठी १९४९ चा महानगरपालिका अधिनियम आहेच. रोजच्या कामात आम्ही उघडतो ती राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ती डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून १९९८ साली एक महापालिका झाली, त्यामुळे या तिन्ही ठिकाणी अर्ज त्याच महापालिकेच्या नगररचना विभागाकडे जातो. तासगाव, विटा, आष्टा इथे नगरपरिषद आहे. हद्दीबाहेरच्या गावात असाल तर सोपी खूण अशी : ज्या कार्यालयाने परवाना दिला, तेच भोगवटाही देतं.

तपासणी एकदाच, शेवटी होते ना?

शेवटची तपासणी सगळ्यांना ठाऊक असते. जोते, म्हणजे पायावरचा, फरशीच्या पातळीपर्यंतचा भाग. त्याच्या तपासणीकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. जोत्यापर्यंत काम आलं की ठरलेल्या नमुन्यात महापालिकेला कळवायचं असतं. अधिकारी येऊन मापं घेतात : रस्त्याकडून, शेजारच्या हद्दीपासून आणि मागच्या बाजूने किती अंतर सुटलंय, जोत्याची लांबी-रुंदी नकाशाशी जुळते का, उंची बरोबर आहे का. ही अंतरं म्हणजे सामासिक अंतरं. एकदा भिंती चढल्या की ती बदलता येत नाहीत.

जोत्यावर सापडलेली फूटभर चूक एका दिवसात सुधारते. तीच चूक तिसरा स्लॅब पडल्यावर सापडली, तर पाडण्याशिवाय किंवा दंड भरून नियमात बसते का ते पाहण्याशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, जोत्याचा दाखला हातात आल्याखेरीज गवंड्याला वर जाऊ देऊ नका. गवंडी चिडतो, सेंट्रिंगवाला दुसऱ्या कामावर जाईन म्हणतो, पावसाळा तोंडावर असतो. तरीही थांबा.

त्याआधीची गोष्ट म्हणजे मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घेतलेली नसेल, तर अंतरं मोजायची कुठून? शेजाऱ्याच्या जुन्या कुंपणावर विश्वास ठेवून जोतं बांधलं आणि शेवटी अडकलं, अशी कामं मी पाहिली आहेत.

सांगलीत पूररेषेचं काय? आमचा प्लॉट नदीपासून बराच लांब आहे.

आपल्या शहरात 'लांब' हा शब्द जपून वापरावा. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी कुठवर आलं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभाग, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड इथल्या लोकांना हे आकडे सांगावे लागत नाहीत.

नियमाच्या भाषेत दोन रेषा आहेत. साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथे नव्या इमारतीला परवानगी नाही. निळी ते लाल हा पट्टा नियंत्रित. तिथे बांधता येतं, पण जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे जवळजवळ दीड फूट वर हवी. हे दीड फूट रस्त्यापासून मोजायचे नाहीत. लाल रेषेची पातळी त्या जागी किती येते ते आधी काढायचं आणि तिथून वर मोजायचं. कित्येक ठिकाणी याचा अर्थ खाली स्टिल्ट, म्हणजे नुसत्या खांबांवरचा मोकळा तळ, आणि राहणं पहिल्या मजल्यापासून, असाच होतो.

भोगवटा मिळाल्यावर काही जण हाच स्टिल्ट भिंती घालून बंद करतात आणि तिथे दुकान, गोडाऊन नाहीतर वॉचमनची खोली करतात. माझी कळकळीची विनंती आहे, हे करू नका. पाणी येईल तेव्हा ते याच मोकळ्या जागेतून जायचं असतं. अडवलेलं पाणी शेजाऱ्याच्या घरात चढतं, आणि आत झोपलेल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मंजूर नकाशात वाहनतळ असलेली जागा बंद करणं हे विनापरवाना बांधकाम तर आहेच.

शामरावनगरसारख्या सखल भागात नदी न फुगताही पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहतं. तिथे काळ्या मातीचा पाया आणि सांडपाण्याचा निचरा यांवर तुमच्या अभियंत्याला खोदून खोदून प्रश्न विचारा.

शेवटच्या पाहणीला येऊन अधिकारी काय बघतात?

मंजूर नकाशा हातात धरून प्रत्यक्ष इमारत बघतात. सामासिक अंतरं, मजल्यांची संख्या आणि उंची, जिन्याची रुंदी, खोल्यांच्या खिडक्या. गाड्या लावायच्या जागा प्रत्यक्षात आखल्या आहेत का. संडास-बाथरूमचं पाणी ड्रेनेजला जोडलंय का, आणि ड्रेनेज लाइन नसेल तर सेप्टिक टाकी व शोषखड्डा आहे का. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची व्यवस्था. लिफ्ट असेल तर तिची कागदपत्रं. मोठ्या आणि सार्वजनिक वापराच्या इमारतीत अग्निशमन.

रंग झालाय का, फरशी कुठली, स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा की कडाप्प्याचा, याच्याशी पाहणीचा काही संबंध नाही. रंग व्हायचा बाकी आहे म्हणून अर्ज लांबवण्याचं कारण नाही.

अर्जासोबत काय काय जोडायचं?

पूर्णत्वाचा दाखला, जसं बांधलं तसं दाखवणारे नकाशे, आधीचा परवाना आणि जोत्याचा दाखला. लागू असेल तिथे संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र, लिफ्टसाठी विद्युत निरीक्षकांची परवानगी, अग्निशमनचा नाहरकत दाखला. थकीत कर आणि शुल्क भरल्याच्या पावत्या. परवाना देताना घातलेल्या अटींची यादी त्या पत्रातच असते, ती एकदा सावकाश वाचा. झाडं लावण्याची, रस्तारुंदीची जागा सोडण्याची किंवा बांधकाम कामगार उपकराची अट तिथेच सापडते, आणि फाईल बऱ्याचदा अशाच एखाद्या अटीवर अडते.

किती दिवसांत मिळतं? खेपा घालाव्या लागतात का?

नियमावलीप्रमाणे पूर्णत्वाचा दाखला दाखल झाल्यापासून २१ दिवसांत भोगवटा द्यायचा, नाहीतर कारणं देऊन लेखी नाकारायचा. २१ दिवसांत काहीच कळवलं नाही तर मान्यता मिळाली असं समजतात. पण बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे असेल तरच. "२१ दिवस झाले, आता काही का असेना" असा त्याचा अर्थ नाही. आणि खरं सांगायचं तर बँक किंवा पुढचा खरेदीदार मानीव मान्यतेवर समाधानी होत नाही, त्यांना कागदच हवा असतो. म्हणून अर्जाची पोच जपा, मुदत उलटली की लेखी स्मरणपत्र द्या, आणि तरीही हालचाल नसेल तर २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करा. तोंडी खेपांपेक्षा एक लेखी अपील जास्त काम करतं, हा माझा अनुभव आहे.

नकाशापेक्षा थोडं जास्त बांधलंय. आता?

'थोडं' म्हणजे किती आणि कुठे, यावर सगळं ठरतं. आतली भिंत इकडची तिकडे झाली असेल तर सुधारित नकाशात दाखवून विषय मिटतो. चटई क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, वाढलं असेल पण भूखंडाला तेवढं क्षेत्र मिळू शकत असेल, तर शुल्क आणि तडजोड रक्कम भरून सुधारित मंजुरी घेता येते. सामासिक अंतरात खोली काढली असेल, रस्तारुंदीच्या पट्ट्यात पायरी किंवा ओटा आला असेल, परवाना नसताना वरचा मजला चढवला असेल, तर पैसे भरून ते नियमित होईलच असं नाही. पाडावं लागतं.

विनापरवाना बांधकामाबद्दल १९६६ च्या कायद्यात नोटीस, पाडकाम आणि कैदेचीही तरतूद आहे. महानगरपालिका अधिनियमात अशा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, आहे. आणि ती शास्ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. "आम्ही डबल घरपट्टी भरतो, म्हणजे महापालिकेने मान्य केलंय" असं सांगणारे दर महिन्याला एकदोन जण तरी भेटतात. त्यांना हे समजावून सांगताना मला फार वाईट वाटतं, कारण त्यांनी ते प्रामाणिकपणे भरलेलं असतं.

बिल्डर म्हणतो, "राहायला या, ओसी (म्हणजे भोगवटा) नंतर देतो." जावं का?

नको. माझ्या मावशीचंच उदाहरण सांगतो. बिल्डरने दसऱ्याला किल्ल्या दिल्या, भोगवटा "पुढच्या महिन्यात" येणार होता. मावशीने भाड्याचं घर सोडलं, उरलेली सगळी रक्कम देऊन टाकली आणि राहायला गेली. त्यानंतर बिल्डरला घाई उरली नाही. त्याचे पैसे पोचले होते. गच्चीवर नकाशात नसलेली एक खोली होती, आणि भोगवट्यासाठी ती काढायला त्याची तयारी नव्हती. सहा वर्षं बारा कुटुंबं त्या एका खोलीपायी अडकली. एकाला मुलीच्या शिक्षणासाठी फ्लॅट विकायचा होता, पण भोगवटा नाही म्हणून घेणाऱ्याच्या बँकेने कर्ज नाकारलं. शेवटी रहिवाशांनीच वर्गणी काढून नवा अभियंता नेमला, खोली पाडली आणि कागद मिळवला.

कायदा तुमच्या बाजूने आहे. १९६३ च्या मालकी हक्क सदनिका अधिनियमाने भोगवट्याआधी ताबा देण्यास बिल्डरला मनाई आहे, आणि घेणाऱ्यानेही तो घेऊ नये असंच म्हटलं आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन, कायद्याने भोगवटा मिळवणं ही बिल्डरची जबाबदारी ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या समृद्धी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात म्हटलं, की भोगवटा न देणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि तो मिळेपर्यंत ती चूक चालूच राहते. त्या संस्थेला भोगवट्याअभावी २५ टक्के जास्त मालमत्ता कर आणि ५० टक्के जास्त पाणीपट्टी भरावी लागत होती.

पण निकाल हातात यायला वर्षं जातात. तुमचं खरं बळ शेवटच्या हप्त्यात आहे. करारातच लिहून घ्या, की शेवटची रक्कम भोगवट्याची प्रत मिळाल्यावर.

आमचं अपार्टमेंट छोटं आहे, रेरात नोंदच नाही.

सांगलीत हे सर्रास दिसतं. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर रेरा नोंदणीतून सूट आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना जरासे कमी. विश्रामबागेतल्या आणि धामणी रोडच्या गल्ल्यांतल्या कितीतरी इमारती यात बसतात. सूट फक्त नोंदणीपुरती आहे, भोगवट्यातून कुणालाच सूट नाही. अशा इमारतीतल्या घेणाऱ्याला १९६३ चा कायदा आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच दाखल होते.

लाइट आहे, नळ आहे, घरपट्टी आमच्या नावावर येते. अजून काय पाहिजे?

ही तिन्ही बिलं तुम्ही तिथे राहता एवढंच सांगतात. इमारत मंजूर आहे असं त्यातलं एकही बिल सांगत नाही. महापालिका विनापरवाना घरालाही कर लावते, आणि पावतीवर बहुधा तसं छापलेलंही असतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले, की वीज, पाणी, ड्रेनेज या जोडण्या भोगवटा पाहूनच द्याव्यात, बँकांनीही तो पाहूनच कर्ज द्यावं, आणि बांधकाम चालू असताना मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. त्यामुळे पुढच्या काळात हा कागद नसेल तर अडचणी वाढणारच.

गुंठेवारीतलं घर आहे. आम्हाला भोगवटा लागू होतो का?

आपल्या शहराचा मोठा भाग गुंठा-गुंठा विकत घेऊन वसला. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ती वसाहत नियमित करायची सोय झाली, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना ती मिळाली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र असेल तर ते तुमच्या तेव्हाच्या भूखंडाचं आणि तेव्हाच्या घराचं. नंतर ते पाडून नवीन बांधलंत किंवा वर मजला चढवलात, तर त्याला नवा परवाना आणि नवा भोगवटा. "आमचं गुंठेवारीत झालंय" एवढ्यावर नवा मजला मंजूर होत नाही.

खालचा मजला तयार आहे, वरचं काम चालू आहे. खाली राहायला जाता येईल?

अंशतः भोगवटा मिळू शकतो. लेखी मागणी करायची, हमीपत्र द्यायचं, आणि वर काम चालू असताना खाली राहणाऱ्यांना धोका होणार नाही अशी व्यवस्था दाखवायची : वेगळा जिना, जाळी, वर जाणाऱ्या मजुरांची वेगळी वाट. घरात लहान मुलं असतील तर माझा सल्ला, कागद मिळत असला तरी वरचा स्लॅब आणि गिलावा होईपर्यंत थांबा.

मिरजेत राहत्या इमारतीत दवाखाना काढायचा आहे. जुना भोगवटा चालेल?

नाही. भोगवटा वापरासह दिलेला असतो. निवासाचा वापर बदलून रुग्णालय, क्लास किंवा मंगल कार्यालय करायचं तर वापरबदलाची परवानगी लागते आणि अग्निसुरक्षेचे नियम नव्याने तपासले जातात. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. रुग्णालयात पळू न शकणारी माणसं असतात. जिथे खाट ठेवली की जिना अडतो, तिथे रुग्णालय नको.

भोगवटा झाल्यावर जीएसटी लागत नाही, हे खरं?

खरं. भोगवट्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना घेतलं तर परवडणाऱ्या घरांना १ टक्का आणि इतरांना ५ टक्के.

आमचा वाडा शंभर वर्षांचा. त्याला भोगवटा कुठून आणू?

आणायची गरज नाही, त्या काळी ही पद्धतच नव्हती. मात्र ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचना तपासणी करून घेण्याचं बंधन महानगरपालिका अधिनियमात आहे. ज्या वाड्याच्या भिंतींत पुराचं पाणी राहून गेलंय, त्याने तर नोटिशीची वाट पाहू नये. मातीची भिंत वरून धड दिसते आणि आतून सुटलेली असते.

दहा वर्षं राहतोय, भोगवटा नाही, बिल्डर सापडत नाही. सुरुवात कुठून करू?

फाइलपासून. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून मंजूर नकाशा, परवान्याचं पत्र, जोत्याचा दाखला आणि भोगवट्याबाबत झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. कधी कधी असं निघतं, की अर्ज झाला होता, एकच त्रुटी कळवली होती आणि बिल्डरने ती पुरी केलीच नाही. मग एखाद्या परवानाधारक अभियंत्याकडून इमारत मोजून घ्या आणि नकाशाशी तुलना करा. फरक कळला की संस्थेची सभा घ्या. कुणाची बंद केलेली बाल्कनी, कुणाचं पार्किंगमधलं शेड यावरून भांडणं होतील, ती होऊ द्या, पण ठराव लिहून काढा. त्रुटी दूर करून संस्थेने स्वतः अर्ज करायचा, आणि झालेला खर्च बिल्डरकडून वसूल करायला ग्राहक आयोगात वेगळी तक्रार करायची. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

वास्तुशांतीची तारीख ठरली आहे, भोगवटा अजून आलेला नाही. काय करू?

पूजा करा. गणेशपूजन, होम, जेवण, सगळं करा, त्याला कुणाची आडकाठी नाही. संध्याकाळी कुलूप लावून जुन्या घरी परत या. भाड्याच्या घरमालकाला एक महिना जादा सांगून ठेवा आणि बिल्डरचा शेवटचा चेक स्वतःकडेच ठेवा. भोगवटा आला की त्याच्या चार प्रती काढा : बँकेला एक, संस्थेच्या फाइलला एक, घरातल्या कपाटात एक, आणि एक दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. २०१९ च्या पुरात कपाटातले कागद भिजून लगदा झालेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून ती चौथी प्रत.